हेरपटाचे चित्रीकरण: लोकेशन आणि स्टुडिओ यांची सांगड घालताना

मोठ्या बजेटच्या हेरपटावर सहायक म्हणून नव्याने येणाऱ्यांची एक समजूत पक्की असते. नायक इस्तंबूलच्या गल्ल्यांतून धावतो, म्हणजे सगळे युनिट इस्तंबूलला गेले होते. खलनायकाचा भुयारी अड्डा दिसतो, म्हणजे तो स्टुडिओत उभारला होता. प्रत्यक्षात ही वाटणी प्रसंगाप्रमाणे होत नाही, शॉटप्रमाणे होते. १९६४ सालच्या ‘गोल्डफिंगर’ या जेम्स बाँड मालिकेतील चित्रपटात मायामीच्या आलिशान हॉटेलचे जे हवाई दृश्य आहे ते मायामीचेच आहे, पण बाँडची भूमिका करणारे शॉन कॉनरी त्या चित्रपटासाठी मायामीला गेलेच नव्हते, आणि त्यांचे शॉट इंग्लंडमधील पाइनवुड स्टुडिओत घेतले गेले. प्रेक्षकाला ते एकच ठिकाण वाटते. साठ वर्षांत कॅमेरे, पडदे आणि संगणक बदलले, पण कामाची ही रीत तीच राहिली आहे, आणि नव्या माणसाने सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट हीच आहे की हेरपटाचे अवघे नियोजन लोकेशन आणि स्टुडिओ यांच्यामधील जोड सांभाळण्यासाठी असते.

हा लेख दिग्दर्शन किंवा निर्मिती विभागात पहिल्यांदा काम करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणे मुख्यतः ब्रिटनमधील बाँडपटांची आणि अमेरिकी ‘मिशन: इम्पॉसिबल’ मालिकेची घेतली आहेत, कारण त्यांच्या कामाच्या पद्धतीची माहिती भरपूर प्रसिद्ध झालेली आहे. परवानग्यांचा भाग मात्र भारतातील, विशेषतः महाराष्ट्र आणि गोव्यातील कामाला धरून आहे.

पायरी १: पटकथेचे ब्रेकडाउन शॉटपर्यंत न्या

नेहमीच्या ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे पटकथेच्या दृश्यवार यादीत, प्रत्येक दृश्यासमोर दिवस की रात्र, आत की बाहेर, पात्रे, ज्युनिअर आर्टिस्ट, वाहने, कपडे, प्रॉपर्टी इतके लिहिले की काम भागते. हेरपटात तेवढ्यावर भागत नाही. पाठलागाचे तीन मिनिटांचे दृश्य घेतले, तर त्यात शहराची ओळख पटवणारे रुंद शॉट असतात, नायकाचा चेहरा स्पष्ट दिसणारे शॉट असतात, कलाकाराऐवजी त्याच्या डबलने करायचे स्टंट असतात, गाडीच्या आतील संवाद असतात, हात, गिअर, आरसा यांचे जवळून घेतलेले इन्सर्ट असतात आणि नंतर संगणकावर जोडण्यासाठी घ्यायच्या रिकाम्या पार्श्वभूमीच्या प्लेट असतात. स्टोरीबोर्ड किंवा प्रीव्हिज (दृश्याचा संगणकावर केलेला आगाऊ आराखडा) हाती येताच या प्रत्येक शॉटसमोर तो कुठे आणि कोणत्या युनिटने घ्यायचा, हे लिहिण्याचा रकाना करा.

मोठ्या चित्रपटात मुख्य युनिटखेरीज सेकंड युनिट असते, आणि गरजेनुसार हवाई, पाण्याखालचे व मॉडेलचे युनिटही असते. अलेक्झांडर विट यांच्यासारखे सेकंड युनिटचे दिग्दर्शक अनेक बाँडपटांच्या पाठलागांमागे आहेत, आणि त्यांचे युनिट बहुतेक वेळा मुख्य कलाकारांवाचूनच काम करते. त्यामुळे ब्रेकडाउनमध्ये ‘चेहरा हवा’ आणि ‘चेहरा नको’ ही खूण अतिशय महत्त्वाची ठरते. चेहरा नको असलेले प्रत्येक काम कलाकाराच्या तारखांतून मोकळे होते, आणि तारखा या धंद्यात पैशापेक्षाही दुर्मीळ असतात.

पायरी २: कोणता शॉट कुठे घ्यायचा, याचा निर्णय

हा निर्णय सहायक घेत नाही, पण त्यामागचा विचार त्याला कळला नाही तर पुढची सगळी कामे तो यंत्रासारखी करत राहतो. पहिला प्रश्न असा की जागा स्वतः काही सांगते का. ‘मिशन: इम्पॉसिबल’ मालिकेतील ‘घोस्ट प्रोटोकॉल’मध्ये दुबईच्या बुर्ज खलिफावर चढण्याचे दृश्य खऱ्या इमारतीवर घेतले, कारण ती उंची हाच त्या दृश्याचा प्राण होता. त्याच चित्रपटाचा शेवटचा भाग मुंबईत घडतो. तेथील मोटारी वर-खाली नेणारे स्वयंचलित वाहनतळ मात्र कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये सेट म्हणून उभारले होते, कारण त्या मारामारीला मुंबईपेक्षा यंत्रांच्या अचूक हालचालींची गरज जास्त होती.

दुसरा प्रश्न नियंत्रणाचा. संवाद जितका लांब आणि प्रकाश जितका नाजूक, तितका तो शॉट स्टुडिओकडे झुकतो. ‘स्कायफॉल’ या बाँडपटात शांघायच्या गगनचुंबी इमारतीत काचांमधून निळ्या जाहिरातींचा प्रकाश झिरपत असताना होणारी मारामारी पाइनवुडच्या सेटवर मोठे एलईडी पडदे लावून चित्रित झाली, छायालेखक रॉजर डीकिन्स यांना हव्या त्या प्रतिबिंबांवर खऱ्या इमारतीत असा ताबा कधीच मिळाला नसता. मकाऊचा तरंगत्या दिव्यांचा कसिनोही पाइनवुडमध्येच उभा राहिला. ‘नो टाइम टू डाय’मधील क्युबाचा रस्ता हा देखील पाइनवुडच्या आवारात बांधलेला सेट होता.

तिसरा प्रश्न असा की गोष्ट ज्या ठिकाणी घडते, तेथे जायलाच हवे का. ‘स्कायफॉल’मधील नायकाचे वडिलोपार्जित घर कथेत स्कॉटलंडच्या डोंगरात आहे, रस्ता आणि दऱ्या तेथल्याच दिसतात, पण जळणारे घर इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या हँकली कॉमन या माळरानावर बांधले होते. ‘मिशन: इम्पॉसिबल’ मालिकेतील ‘फॉलआउट’चा काश्मीरमध्ये घडणारा शेवट मुख्यतः न्यूझीलंडच्या डोंगरांत घेतला आहे. मुंबईत या प्रकाराला जागा ‘चीट’ करणे म्हणतात. बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारतींनी किती परदेशी शहरांची भूमिका केली असेल, याचा हिशेब कोणी ठेवला असेल असे वाटत नाही.

खर्चाचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी घेतला आहे, कारण त्याबाबतचा अंदाज नवख्यांचाच नव्हे, तर जुन्या माणसांचाही चुकतो. ‘टेनेट’ या हेरपटात विमान इमारतीवर आदळण्याचे दृश्य मॉडेल आणि संगणकीय चित्रांनी करण्याचा विचार होता, हिशेब केल्यावर निकामी झालेले खरे बोइंग ७४७ विकत घेऊन ते आदळवणेच परवडते, असे निघाले, आणि कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिल येथे तसेच केले गेले. उलट एखाद्या साध्या गल्लीतील चार शॉटसाठी दोनशे माणसांचा ताफा विमानाने न्यायचा, त्यांची राहण्याची सोय करायची आणि पावसाची वाट पाहत बसायचे, यात सेट उभारण्याहून जास्त पैसा जाऊ शकतो. मोठ्या चित्रपटात स्फोटांपेक्षा माणसे हलवणे महाग पडते, हे बजेटची पाने चाळल्यावर कळते.

पायरी ३: रेकी

रेकी म्हणजे जागेची आगाऊ पाहणी. पहिली रेकी दिग्दर्शक, छायालेखक, कलादिग्दर्शक आणि लोकेशन मॅनेजर यांची असते, ती सौंदर्याची. दुसरी टेक्निकल रेकी सर्व विभागप्रमुखांची असते आणि सहायकाने वही घेऊन तिथे असायला हवे. सूर्य कोणत्या वेळी कोणत्या इमारतीआड जातो, गल्लीची रुंदी किती, क्रेन आत येते का, जमीन किती वजन पेलते, जनरेटर किती लांब उभा करावा म्हणजे आवाजात त्याची घरघर येणार नाही, व्हॅनिटी (कलाकारांच्या तयारीच्या गाड्या) कुठे लागतील, स्वच्छतागृहे कुठे, जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, मोबाइलला रेंज आहे का, हे सर्व लिहून घ्या. मुंबई किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर काम असेल तर भरती-ओहोटीचे तक्ते आणा. सकाळच्या टेकला मिळालेली वाळू दुपारी पाण्याखाली असते, आणि मग दृश्याचा मेळ कशालाच बसत नाही.

रेकीत फक्त दिसणाऱ्या गोष्टी पाहून भागत नाही. ती जागा शरीराला आणि यंत्राला कशी वागवते, हेही पाहायचे असते. इटलीतील मातेरा येथे ‘नो टाइम टू डाय’च्या मोटारसायकल आणि मोटारींच्या दृश्यांसाठी तेथील जुने गुळगुळीत दगडी रस्ते फार निसरडे निघाले, तेव्हा त्यांवर हजारो लिटर कोका-कोला फवारला गेला, कारण तो वाळला की चिकट थर बसतो आणि चाकांना पकड मिळते. ‘स्पेक्टर’ या बाँडपटाच्या सुरुवातीला हेलिकॉप्टर मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकावर गिरक्या घेते, ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा विरळ आहे, म्हणून त्या कसरतींचा काही भाग सखल प्रदेशातील पालेंकेच्या विमानतळावर घेऊन नंतर जोडण्यात आला. ‘डाय अनदर डे’च्या वेळी आइसलँडमधील योकुल्सारलोन या हिमनदीच्या सरोवरात मोटारी चालवायच्या होत्या, समुद्राचे खारे पाणी आत येत असल्याने सरोवर पुरेसे गोठत नसे, म्हणून समुद्राकडचे तोंड तात्पुरते बंद करून पाणी गोठू दिले. यातली एकही गोष्ट छायाचित्रे पाहून सुचली नसती.

रेकीतून परतल्यावर प्रत्येक जागेचे मोजमापासह फोटो, दिशा आणि वेळ लिहून एका फोल्डरमध्ये ठेवा. कलाविभाग त्यावरूनच स्टुडिओतला अर्धा रस्ता बांधणार असतो, आणि खिडकीच्या चौकटीची जाडी दोन इंचांनी चुकली तरी पुढे जोड उघडा पडतो.

पायरी ४: परवानग्या

येथे घाई करणाऱ्याला सर्वाधिक त्रास होतो. भारतात चित्रीकरणाची एक परवानगी म्हणून काही नसते. एकमेकींवर रचलेल्या परवानग्या असतात, आणि त्यांतील एक जरी राहिली तरी बाकीच्या कागदांचा उपयोग होत नाही.

परदेशी निर्मितीसंस्थेला भारतात कथापट चित्रित करायचा असल्यास एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) अखत्यारीतील फिल्म फॅसिलिटेशन ऑफिसकडे, म्हणजे आता इंडिया सिने हब या पोर्टलवर, अर्ज करावा लागतो. परदेशी कलाकार-तंत्रज्ञांना पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. त्यांच्यासाठी फिल्म व्हिसाचा वेगळा वर्ग आहे. भारतात होणाऱ्या खर्चावर परदेशी निर्मात्यांना मिळणारी सवलत २०२३ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत आणि तिची मर्यादा ३० कोटी रुपयांपर्यंत वाढवली गेली, त्यामुळे लाइन प्रोड्यूसरच्या, म्हणजे खर्च आणि व्यवस्था पाहणाऱ्या निर्मात्याच्या, कार्यालयात खर्चाच्या पावत्या पहिल्या दिवसापासून नीट लावणे हे सहायकाचेही काम झाले आहे.

महाराष्ट्रात गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी ज्या महामंडळाकडे आहे, त्या महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. गोव्यात हे काम एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा पाहते. एक खिडकी असली तरी महापालिका, वाहतूक पोलीस, स्थानिक पोलीस ठाणे, अग्निशमन दल आणि खासगी जागेचा मालक यांच्याशी प्रत्यक्ष बोलणे सुटत नाही. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची, रेल्वेसाठी रेल्वेची, प्राण्यांसाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची आणि सैन्याची साधने किंवा ठिकाणे हवी असल्यास संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागते. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरील नकाशात ती जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात आहे हे पाहा, आणि त्याखेरीज स्थानिक पोलिसांचा मनाईहुकूम चालू आहे का, हेही विचारा. मुंबईत असे हुकूम वारंवार निघतात. युनिट परदेशी जाणार असेल तर कॅमेरे आणि दिवे यांच्यासाठी एटीए कार्नेट (सामान तात्पुरते परदेशी नेऊन परत आणण्यासाठीचे जकातीचे कागदपत्र) काढावे लागते, आणि भारतात ते फिक्की या उद्योगसंघटनेकडून मिळते. त्या यादीतील प्रत्येक लेन्सचा क्रमांक पेटीतील लेन्सशी जुळला पाहिजे. जकात अधिकारी नेमकी तीच पेटी उघडतो.

परवानगी मिळणे आणि हवी तशी मिळणे यांत अंतर असते. ‘स्कायफॉल’च्या सुरुवातीचा रेल्वेवरील प्रसंग भारतात घेण्याची बोलणी झाली होती, अखेरीस तो तुर्कस्तानात, अदानाजवळच्या जुन्या रेल्वेपुलावर आणि इस्तंबूलमध्ये घेतला गेला. ‘टेनेट’साठी एस्टोनियाची राजधानी टालिन येथील मुख्य रस्ता महिनाभर बंद ठेवण्याची मागणी शहराने तशीच्या तशी मान्य केली नाही, आणि टप्प्याटप्प्याने बंद ठेवण्यावर तडजोड झाली. म्हणून परवानगीच्या अर्जाबरोबरच, ती अर्धीच मिळाली तर कोणते शॉट स्टुडिओत न्यायचे याची यादी तयार ठेवा. तिच्यावाचून तडजोडीच्या बैठकीला बसलेल्या माणसाला सरसकट नाही तरी म्हणावे लागते, नाहीतर भलतीच अट मान्य करून यावे लागते.

पायरी ५: शेड्यूल

शेड्यूल कथेच्या क्रमाने लावत नाहीत, हे सर्वांना ठाऊक असते. हेरपटात मात्र धोक्याचाही एक क्रम असतो. नॉर्वेतील कड्यावरून मोटारसायकलसह उडी मारण्याचा टॉम क्रूझ यांचा स्टंट ‘मिशन: इम्पॉसिबल’ मालिकेतील ‘डेड रेकनिंग’च्या मुख्य चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी, सप्टेंबर २०२० मध्ये घेतला गेला. कारण रोखठोक होते: काही विपरीत घडले तर बाकीच्या चित्रपटावर पैसा खर्च होण्याआधीच कळावे. ‘फॉलआउट’च्या वेळी २०१७ मध्ये लंडनमधील इमारतींवरून उडी मारताना त्यांचा घोटा मोडला आणि काम काही आठवडे थांबले. ‘नो टाइम टू डाय’च्या वेळी २०१९ मध्ये जमैकात डॅनियल क्रेग यांच्याही घोट्याला दुखापत झाली. अशा वेळी ज्याच्या शेड्यूलमध्ये नायकाशिवाय होऊ शकणाऱ्या कामांची यादी आधीच वेगळी काढलेली असते, त्याचे युनिट बसून राहत नाही.

वर्षातून ठरावीक दिवशीच होणाऱ्या घटना शेड्यूलला आपल्यामागे खेचतात. ‘क्वांटम ऑफ सोलेस’मधील सिएना येथील घोड्यांची पालिओ शर्यत ऑगस्ट २००७ मध्ये चित्रित झाली, आणि मुख्य चित्रीकरण त्यानंतर जानेवारी २००८ मध्ये सुरू झाले. पंढरीची वारी किंवा गणेशविसर्जन पार्श्वभूमीला हवे असेल तर आपल्याकडेही हेच गणित आहे: गर्दी खरी घ्यायची, आणि त्यातला नायकाचा भाग नंतर मोजक्या ज्युनिअरांसह जुळवायचा.

पावसासाठी कव्हर सेट, म्हणजे काम ऐनवेळी हलवता येईल असा छताखालचा सेट, ठेवा. मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात बाहेरचे काम लावायचे धाडस ‘टेनेट’च्या युनिटने सप्टेंबर २०१९ मध्ये केले, पण ते मुंबईत मोजकेच दिवस होते. तुमचे शेड्यूल लांब असेल तर त्या महिन्यांत स्टुडिओच बरा.

पायरी ६: लोकेशनवरचा दिवस

कॉलशीट, म्हणजे दिवसाच्या कामाचा तक्ता, आदल्या रात्री सर्वांच्या हातात असली पाहिजे, आणि तिच्यात रुग्णालयाचे नाव, स्टंटची वेळ, शस्त्रांचा उल्लेख आणि रस्ता कधी बंद व कधी खुला हे स्पष्ट असले पाहिजे. सहायकाला सर्वप्रथम मिळणारे काम म्हणजे लॉकअप, अर्थात गल्लीच्या तोंडाशी उभे राहून टेक चालू असताना माणसे व वाहने थांबवणे. हे काम हलके समजू नका. भाजीवाल्या काकूंना ‘दोन मिनिटं थांबा, मावशी’ असे सांगून खरोखरच दोन मिनिटांत सोडले, तर दिवसभर गल्ली तुमच्या बाजूने असते. अर्धा तास अडवले तर दुपारी कोणीतरी मुद्दाम प्रेशर कुकर लावून खिडकी उघडतो.

मोठ्या गर्दीत काही सहायक ज्युनिअरांचेच कपडे घालून त्यांच्यात मिसळतात, म्हणजे इशारा आतूनच देता येतो. ‘स्पेक्टर’च्या मेक्सिकोतील मिरवणुकीत सुमारे १,५०० ज्युनिअर होते. ती मिरवणूक चित्रपटाने रचलेली होती. पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, मेक्सिको सिटीने तशी मिरवणूक खरोखरच सुरू केली.

शस्त्रांबाबत सवलत नाही. खोटे पिस्तूलही प्रॉपर्टीवाल्याच्या ताब्यातच राहते, टेकपुरते कलाकाराच्या हातात जाते आणि लगेच परत येते. पोलीस ठाण्याला वेळ आणि जागा लेखी कळवलेली असली पाहिजे, कारण रस्त्यावर बंदूक दिसली की घाबरलेला माणूस फोन करणारच. २०२१ मध्ये अमेरिकेत ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर पिस्तुलात खरी गोळी निघाली आणि छायालेखिका हॅलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. त्यानंतर पिस्तूल सर्वांसमोर उघडून दाखवल्याशिवाय कोणी कॅमेऱ्यासमोर जाऊ नये, या नियमाबद्दल वाद घालण्यासारखे काही उरलेले नाही.

स्टंटच्या वेळी कॅमेरे जास्त लावतात, त्याला कारण आहे. ‘द स्पाय हू लव्हड मी’साठी १९७६ मध्ये कॅनडाच्या बॅफिन बेटावरील कड्यावरून स्कीइंग करत घेतलेली उडी पुन्हा घेणे शक्य नव्हते, आणि ती पूर्ण टिपण्यात एकाच कॅमेऱ्याला यश आले. ‘कसिनो रोयाल’मध्ये ॲस्टन मार्टिन उलटवायची होती, गाडी इतकी खाली बसकी की नुसत्या रॅम्पने ती उलटेना, तेव्हा तिच्यात हवेच्या दाबाची तोफ बसवली आणि गाडी सात कोलांट्या खाऊन विक्रम करून गेली. हा उपाय चाचण्यांमधून निघाला. चाचणीचा दिवस वाचवण्याचा सल्ला देणाऱ्याचे ऐकू नये. इटलीतील कोर्तिना येथे १९८१ च्या बाँडपटासाठी बॉबस्लेडच्या बर्फाळ मार्गावर काम करताना एक स्टंटमन मरण पावला होता, आणि मोठे बजेट हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. धोका दिसला तर ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार सर्वांत धाकट्या सहायकालाही असतो. तो वापरावा.

पायरी ७: स्टुडिओ

लंडनच्या पश्चिमेला बकिंगहॅमशायरमध्ये १९३६ साली सुरू झालेला पाइनवुड स्टुडिओ हे बाँडपटांचे घर. १९६० च्या दशकात कलादिग्दर्शक केन ॲडम यांनी तेथे मोकळ्या आवारात अख्खा ज्वालामुखी उभारला होता, ज्याच्या पोटात रॉकेटचा अड्डा होता. पुढे १९७६ मध्ये तेलवाहू जहाजाच्या पोटात तीन पाणबुड्या दाखवायच्या होत्या. एवढा सेट मावेल असा मंच कुठेच नव्हता, म्हणून सेटभोवती नवा मंचच बांधला, तो ‘००७ स्टेज’. त्या अवाढव्य पोकळीत प्रकाशयोजना कशी करायची, हा प्रश्न ॲडम यांना पडला, आणि त्यांनी आपले जुने सहकारी स्टॅनली कुब्रिक यांना गुपचूप बोलावून त्यांचा सल्ला घेतला. मंच मोठा म्हणजे काम सोपे, हा समज त्या एका गोष्टीने खोटा ठरतो: मंच वाढला की दिवे, केबल, वीज आणि वेळ हे सगळेच वाढते.

तो मंच १९८४ मध्ये जळाला, पुन्हा बांधला, आणि २००६ मध्ये ‘कसिनो रोयाल’चे चित्रीकरण आटोपून व्हेनिसचा सेट उतरवताना पुन्हा जळाला. पुढच्या वर्षी तो परत उभा राहिला. आजचा मंच सुमारे ५९ हजार चौरस फुटांचा आहे. यातून घ्यायचा व्यवहारी धडा असा की चित्रीकरण संपल्यावर सेट उतरवण्याचे दिवस जोखमीचे असतात. प्लायवूड, थर्मोकोल, रंग आणि वेल्डिंगची ठिणगी एकाच छताखाली असतात आणि लक्ष ठेवणारे निम्मे लोक पुढच्या लोकेशनवर गेलेले असतात. अग्निमार्ग मोकळा आहे की नाही, हे सकाळ-संध्याकाळ पाहण्याचे काम सहायकाने स्वतःहून अंगावर घ्यावे.

सेटवर पाऊल ठेवण्याआधी मंचाचा नकाशा पाठ करा: कोणती भिंत निघते, छत कोठून उघडते, कॅमेरा मागे किती जाऊ शकतो, पाण्याची टाकी कोठे आहे. काम अर्धवट सोडून उद्या पुढे न्यायचे असेल तर तो हॉट सेट असतो. त्यावरचा चहाचा कपही कोणी हलवायचा नाही, मग तो स्पॉटदादाचा का असेना. पाण्याच्या कामाला नेहमीच्या दुप्पट वेळ धरा, कारण प्रत्येक टेकनंतर कलाकाराला कोरडे करून पुन्हा तयार करावे लागते. मॉडेलला कमी लेखू नका: ‘स्कायफॉल’मध्ये नष्ट होणाऱ्या जुन्या ॲस्टन मार्टिनसाठी एक-तृतीयांश मापाची मॉडेल त्रिमितीय छपाईने बनवली होती, आणि पडद्यावर ती कोणाला ओळखू आली नाहीत.

पायरी ८: जोड

आता मूळ मुद्दा. नायक इस्तंबूलमधल्या दारातून आत शिरतो आणि सहा आठवड्यांनी स्टुडिओतल्या त्याच दारातून पलीकडे येतो. मध्ये त्याचे केस वाढलेले असतात, जखमेचा मेकअप नव्या माणसाने केलेला असतो, बूट दुसरे असतात. म्हणून दृश्यातील प्रत्येक टप्प्यासाठी कपड्यांचे वेगवेगळे जोड बनवतात: स्वच्छ, धुळीचा, फाटलेला, रक्ताळलेला, ओला; आणि प्रत्येक जोड कलाकाराचा व डबलचा असा दोनदा. कंटिन्युइटी, म्हणजे शॉटांमधला मेळ, सांभाळणाऱ्याच्या शेजारी बसून कोणत्या हातात काय होते, घाम कुठे होता, दरवाजा कोणत्या बाजूला उघडला, हे स्वतःच्या डोळ्यांनी तपासा.

तांत्रिक नोंदी त्याहून महत्त्वाच्या असतात, आणि बहुतेक वेळा घाईत त्याच राहून जातात. लेन्स कोणती, कॅमेऱ्याची उंची व झुकाव किती, फोकसचे अंतर किती, प्रकाश कोणत्या दिशेने आणि किती कडक, हे प्रत्येक प्लेटसाठी लिहून ठेवा. व्हीएफएक्सचे (संगणकीय दृश्यपरिणामांचे) लोक चकचकीत व राखाडी गोळे आणि रंगपट्टी घेऊन दोन मिनिटे मागतात, तेव्हा फर्स्ट एडीने (पहिल्या सहायक दिग्दर्शकाने) वैतागू नये म्हणून त्या दोन मिनिटांची जागा आधीच ठेवा. ‘स्पेक्टर’ची मेक्सिकोतील सुरुवात एकाच अखंड शॉटसारखी दिसते, प्रत्यक्षात ते अनेक शॉट असून जोड एखाद्या भिंतीच्या, दरवाज्याच्या किंवा जाणाऱ्या माणसाच्या आड लपवले आहेत. असे जोड चित्रीकरणाआधीच ठरवावे लागतात. नंतर संपादकाला मागितले तर ते मिळत नाहीत.

आवाजही जोडायचा असतो, हे नवखे हमखास विसरतात. प्रत्येक जागेचा अर्धा मिनिट निव्वळ वातावरणाचा आवाज घेण्यासाठी सगळ्यांना गप्प करणे ही सहायकाचीच जबाबदारी.

पायरी ९: गुप्तता

पटकथेच्या प्रत्येक प्रतीवर घेणाऱ्याच्या नावाचा वॉटरमार्क असतो, कॉलशीटवर पुष्कळदा चित्रपटाचे खोटे नाव असते आणि फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. हे नाटकीपणाने केलेले नसते: २०१४ मधील सोनीवरील सायबर हल्ल्यात ‘स्पेक्टर’च्या पटकथेचा सुरुवातीचा मसुदा चोरीला गेला होता. कॉलशीट व्हॉट्सॲपवर मित्राला पाठवू नका, आणि जुनी कॉलशीट फाडून टाका.

पायरी १०: पॅकअपनंतर

लोकेशन जसे घेतले तसे परत करायचे असते. आल्या दिवशी काढलेले फोटो याच वेळी उपयोगी पडतात: कोणता रंग उडाला, कोणती फरशी आधीच फुटलेली होती, झाडाची कोणती फांदी आपण तोडली. जागेच्या मालकासमोर पाहणी करून त्याची सही घ्या आणि मगच अनामत रकमेचे बोला. भाड्याने घेतलेल्या पोलिसी गणवेशांची व नकली नंबरप्लेटची मोजणी त्याच रात्री करा, कारण या दोन गोष्टी बाहेर राहिल्या तर त्याचे उत्तर निर्मात्याला पोलीस ठाण्यात द्यावे लागते.

यानंतर उरतो तो पॅच. संपादन सुरू झाल्यावर एखादा हात, एखादी खिडकी, मागे वळून पाहणारा एक चेहरा हवा असल्याचे लक्षात येते, आणि त्या तीन सेकंदांसाठी परदेशी कोणी जात नाही. स्टुडिओच्या एका कोपऱ्यात दोन मीटर भिंत, एक दिवा आणि जपून ठेवलेला तोच शर्ट एवढ्यावर काम होते. मात्र त्या भिंतीचा रंगक्रमांक, दिव्याची दिशा आणि लेन्स कोणाच्या तरी वहीत लिहिलेली असावी लागते, आणि ती वही तुमची असेल तर पुढच्या चित्रपटाचा फोन बहुधा तुम्हालाच येतो.